पावसाळ्यात उघडलेली एमजीए

मे महिना सरत आला की मी माझ्या १९५८ च्या एमजीए या उघड्या, दोन आसनी ब्रिटिश मोटारीच्या टाकीतले पेट्रोल काढून घेतो, आसनांमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या उचलून बाकावर ठेवतो, हातब्रेक सोडून गाडी चार स्टँडांवर चढवतो आणि तिच्यावर सुती आच्छादन घालतो. त्यानंतर दसऱ्यापर्यंत ती रस्त्यावर येत नाही. या गाडीच्या दारांना काचा नाहीत, त्यांच्या जागी खोचून बसवायचे पडदे आहेत. दारांना बाहेरून मूठही नाही, आत हात घालून दोरी ओढावी लागते. आणि पायाखालच्या फळ्या प्लायवूडच्या आहेत. मुंबईच्या पावसाशी अशा गाडीचे जमणे शक्यच नाही. इतक्या हौसेने सांभाळलेली वस्तू वर्षातले चार महिने बंद ठेवून काय मिळते, असे पुष्कळ जण विचारतात. माझ्यापुरते तरी या मालकीचे खरे सुख त्याच चार महिन्यांत आहे, कारण गाडी चालवणे तासा-दोन तासांत संपते, तर ती उघडणे, समजून घेणे आणि पुन्हा जुळवणे हे सगळ्या पावसाळ्याला पुरते. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे जळका वायू सोडणाऱ्या झडपा जिथे टेकून मिटतात त्या कडा, बदलून घेतल्या, त्याची ही हकीकत आहे.

आमचे घर विलेपार्ले पूर्वेला आहे. आजोबांनी बांधलेल्या या दुमजली घराच्या मागच्या अंगाला मंगलोरी कौलांचे एक गॅरेज आहे आणि ते त्या काळच्या मोटारींच्या मापाने बांधलेले असल्यामुळे आजची मध्यम आकाराची गाडी आत घातली, तर चालकाला दार उघडून बाहेर पडणे कठीण जाते. एमजीए जेमतेम दीड मीटर रुंद आणि चार मीटरांहून किंचित कमी लांब आहे, तेव्हा एका बाजूला काम करण्याचा बाक आणि समोर हत्यारांचे कपाट ठेवूनही मला तिच्याभोवती फिरता येते. आसपासच्या गल्ल्यांतली अशी बहुतेक गॅरेजे केव्हाच झेरॉक्सची, शिंप्याची किंवा पोळीभाजीची दुकाने झाली आणि उरलेली पुनर्विकासात गेली. पुनर्विकासात गाडीला जागा मिळते, पण ती यांत्रिक पार्किंगच्या पोलादी फळीवर. तेथे बॉनेट उघडून महिनाभर हेड काढून ठेवण्याची सोय कोणताही बिल्डर देत नाही. या एका कारणासाठी आमच्या घरातल्या चर्चेत मी नेहमी अल्पमतात असतो.

मी १९८७ साली गाडी घेतली तेव्हा गॅरेजच्या मधोमध एक खड्डा होता आणि त्यात उतरून गाडीच्या पोटाखालचे काम आरामात उभ्याने करता येई. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री तो खड्डा तर भरलाच, शिवाय पाणी चाकांच्या मध्यापर्यंत चढले. पुढच्या उन्हाळ्यात मी खड्डा बुजवला, जमीन फूटभर उचलून तिला दाराकडे उतार दिला आणि विजेचे सगळे सॉकेट छातीच्या उंचीवर घेतले. तेव्हापासून खालचे काम पाठीवर झोपूनच करावे लागते, आणि वय वाढते तसे झोपण्यापेक्षा उठणे अधिक अवघड होत चालले आहे.

पाण्याइतकाच त्रास दमट हवेचा. जुलैत पुसून ठेवलेला पाना आठवड्याने तांबूस दिसतो. म्हणून हत्यारांच्या कपाटात जुन्या पद्धतीचा साठ वॉटचा एक दिवा पावसाळाभर जळत ठेवतो. त्याच्या उबेने आत दव धरत नाही. गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन मी कधीच घालत नाही, कारण ते बाहेरचे पाणी अडवते खरे, पण आतली वाफ कोंडून पत्र्याला गंज चढवते. हत्यारांची आणखी एक अडचण अशी की ही गाडी इंची मापाची आहे. मिलिमीटरचे पाने नटावर बसल्यासारखे वाटतात आणि जोर लावला की त्याच्या कडा गोल करून टाकतात. माझे बहुतेक इंची पाने नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेले आहेत, आणि काही चोरबाजारातल्या ढिगांतून निवडलेले आहेत. हे दुसरे पाने वयाने गाडीच्या बरोबरीचे असावेत आणि पोलादाच्या बाबतीत नव्यांपेक्षा सरसच आहेत.

एमजीए १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. एकंदर एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. माझ्या गाडीतले इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजचे, १४८९ सीसीचे आहे, आणि मुंबईत ही गाडी इतकी वर्षे चालू राहण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. आपल्या ॲम्बॅसेडरला पुढे अनेक वर्षे याच मापाचे, याच घराण्यातले इंजिन होते. तिथे ते एका कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि कमी कॉम्प्रेशनवर शांतपणे सरकारी साहेबांना नेत असे आणि इथे तेच दोन एसयू कार्ब्युरेटरांवर सत्तरेक अश्वशक्ती देते. बेअरिंगे, टायमिंग चेन, गॅसकेट, डेल्कोतले (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) सी.बी. पॉइंट यांसाठी मी आधी ऑपेरा हाऊसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ॲम्बॅसेडरचा भाग मागतो, खिशातला जुना भाग शेजारी ठेवून व्हर्नियरने माप घेतो आणि फरक असेल तरच परदेशातून मागवण्याचा विचार करतो. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ नंतर ॲम्बॅसेडर निघाली नाही, त्यामुळे ही दुकाने आता वर्षागणिक कमी होत आहेत; जे दिसेल ते घेऊन ठेवण्याची सवय मला त्यामुळेच लागली.

हेड उतरवण्याचे कारण टॅपेटच्या फटीत सापडले. या इंजिनात रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा, आणि व्हॉल्व्हचा देठ यांच्यामध्ये सतरा थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग सतरा पट, इतकी फट इंजिन गरम असताना ठेवायची असते. मी दर हंगामाआधी ती तपासतो. आठ व्हॉल्व्हसाठी इंजिन किती फिरवावे याची एक सोपी युक्ती आहे: ज्याची फट मोजायची त्याचा क्रमांक नवातून वजा करावा आणि त्या उत्तराचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहील अशी स्थिती आणावी. आठवा पूर्ण उघडा असताना पहिला मोजायचा, सातवा उघडा असताना दुसरा. नेहमीच्या झिजेने फट वाढते आणि टॅपेट वाजू लागतात. माझ्या वहीत मात्र गेली काही वर्षे एक्झॉस्टच्या चार व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी होताना दिसत होती आणि इंजिन पूर्वीपेक्षा शांत झाले होते. जुन्या इंजिनाचे असे अचानक शांत होणे चांगले लक्षण नसते. फट कमी होते याचा अर्थ व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये आत रुतत चालला आहे, आणि ती पूर्ण संपली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, जळता वायू कडेने निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते.

याचे मूळ पेट्रोलमध्ये आहे. बी सिरीजच्या हेडमध्ये वेगळ्या सीट बसवलेल्या नसतात. ओतीव लोखंडाच्या अंगातच त्या कापलेल्या असतात. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत तेव्हा ज्वलनानंतर त्याचा पातळ थर सीटवर बसत असे आणि तापलेला व्हॉल्व्ह व सीट यांना एकमेकांना चिकटू देत नसे. भारतात २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे होते. परंतु थर नसला की प्रत्येक आघाताला दोन्ही पृष्ठभागांचे सूक्ष्म कण एकमेकांना जोडले जातात आणि लगेच फाटून निघतात, आणि त्यात मऊ लोखंड हरते. हळू चालणाऱ्या गाडीला हे फार काळ जाणवत नाही. उपाय एकच आणि कायमचा आहे: हेडमध्ये गोल खाच कापून तिच्यात कठीण पोलादी मिश्रणाची कडी ठोकून बसवायची.

हेड काढण्याचे काम मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर धो धो पाऊस असताना सुरू केले. रेडिएटर रिकामा केला, दोन्ही कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड सोडवले आणि मग नटांकडे वळलो. हे हेड अकरा नटांनी धरलेले असते आणि त्यांतल्या चार नटांनीच रॉकर शाफ्टचे पायही आवळलेले असतात. त्यामुळे नुसता रॉकर शाफ्ट काढायचा असला तरी अकराही नट ठरलेल्या क्रमाने थोडेथोडे सैल करावे लागतात, नाहीतर ताण एकाच बाजूने सुटून हेड मुरडते. टॅपेट आणि रॉकर यांच्यामधली दांडी, म्हणजे पुशरॉड, वर ओढताना ती बोटांत जराशी फिरवावी, म्हणजे तेलाच्या चिकटपणाने खालचा टॅपेट तिच्याबरोबर वर येत नाही. आठही पुशरॉड मी बुटांच्या खोक्याच्या झाकणाला भोके पाडून त्यांत क्रमाने रोवून ठेवतो, कारण प्रत्येकीची झीज आपापल्या जोडीदाराशी जुळलेली असते. हेड गॅसकेटला घट्ट धरून बसले होते. अशा वेळी फटीत पेचकस घालून उचकटण्याचा मोह होतो आणि त्याने दोन्ही घासलेले पृष्ठभाग खराब होतात. प्लग जागेवर ठेवून इंजिन स्टार्टरने दोन फेरे फिरवले की सिलिंडरमधल्या दाबानेच हेड सुटते. तेवढ्यासाठी बॅटऱ्या परत जोडल्या आणि तसेच झाले. ते उचलून बाकावर ठेवायला मात्र शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली.

व्हॉल्व्ह काढल्यावर चित्र स्पष्ट झाले. पुढून मोजले तर पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा हे एक्झॉस्टचे. त्यांतल्या मधल्या दोघांना बाहेर पडायला एकच सामाईक वाट आहे, म्हणून तो भाग सर्वांत जास्त तापतो. रुतलेही तेच दोघे सर्वांत जास्त होते.

खाचा कापणे हे घरच्या गॅरेजात करण्याचे काम नाही. कुर्ल्याला एका गाळ्यात गेली अनेक वर्षे हेड आणि क्रँकशाफ्टचीच कामे करणारे एक मिस्त्री आहेत. प्रीमियर कंपनीचा मोटारींचा कारखाना कुर्ल्यात असल्यामुळे त्या भागात अशी कसबी माणसे पूर्वी पुष्कळ होती. आता शोधावी लागतात. त्यांनी हेड उलटे ठेवून सीटवरून नुसता अंगठा फिरवला.

“साहेब, हे तर ॲम्बीचं हेड.”

“घराणं तेच आहे मिस्त्री, तब्येत वेगळी आहे.”

“असू द्या. पण खोली मी ठरवणार. तुम्ही पुस्तकातलं सांगू नका.”

त्यांचा आग्रह योग्य होता. सीटच्या खाली थोड्याच अंतरावर पाण्याची पोकळी असते आणि जुन्या ओतीवात तिथली भिंत किती जाड आहे हे आधी कळत नाही. खाच जरा खोल गेली तर हेड भंगारात जाते. मिस्त्रींनी यंत्रावर एकेक खाच कापली, प्रत्येक वेळी थांबून मोजली. कडी खाचेपेक्षा तीन-चार थाऊ मोठी ठेवतात, म्हणजे ती नंतर कधी सुटत नाही. कड्या त्यांनी आदल्या रात्री शेजारच्या दुकानातल्या डीप फ्रीझरमध्ये, आईस्क्रीमच्या डब्यांशेजारी ठेवायला लावल्या होत्या. हेड तापवले, थंड कडी खाचेत ठेवली, तिच्यावर मऊ धातूचा ठोकळा ठेवून हातोडीचे मोजके घाव घातले आणि आवाज बदलला तेव्हा हात थांबवला. कडी तळाला टेकली की ठोक्याचा बद्द आवाज जाऊन खणखणीत आवाज येतो. मी तेथे उभा होतो तेवढ्यात तो फरक मला चारही वेळा स्पष्ट ऐकू आला आणि त्यासाठी कुर्ल्याच्या वाहतुकीतून पुन्हा जायला माझी हरकत नाही.

घरी आणल्यावर व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांवर घासून बसवण्याचे काम मी स्वतः केले आणि या सगळ्या उद्योगातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे. रबरी चकती लावलेली काठी व्हॉल्व्हच्या माथ्यावर चिकटवायची, कडेला ग्राइंडिंग पेस्टचे तीन-चार ठिपके द्यायचे आणि हातरवीने ताक घुसळावे तशी ती काठी दोन्ही तळव्यांत पुढे-मागे फिरवायची. थोड्याथोड्या वेळाने व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची, नाहीतर वर्तुळाकार चरे पडतात. सुरुवातीला भरड पेस्टचा कर्कश आवाज येतो. तो मऊ होत गेला की काम होत आले असे समजावे. शेवटी सीटवर अखंड, सारख्या रुंदीचे राखाडी वर्तुळ उमटले पाहिजे. पाहण्यावर न थांबता मी हेड उलटे करून व्हॉल्व्ह बसवतो, पोर्टमध्ये, म्हणजे वायूच्या वाटेत, रॉकेल ओततो आणि रात्रभर तसेच ठेवतो. सकाळी व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली तर पुन्हा घासायचे. आठव्यापाशी ओल दिसली होती, म्हणून तो पुन्हा घासला. इंजिनाच्या आत दोन धातू असे मिटले पाहिजेत की रॉकेलही झिरपणार नाही, आणि हे साध्य करायला लाकडी काठी आणि दोन तळवे पुरतात, याचे मला दर वेळी नवल वाटते.

हेड बाहेर असतानाच पेट्रोलच्या वाटेवरचे सगळे रबर बदलून टाकले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या जातीचे रबर फुगवून मऊ करते आणि हवेतले पाणी शोषून घेते. पावसाळाभर असे पेट्रोल टाकीत राहिले तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळे साचते आणि टाकी आतून गंजते. टाकी मेमध्येच रिकामी करण्याचे कारण हेच. नळ्यांसाठी मी व्हायटनच्या जातीचे रबर वापरले. कार्ब्युरेटरच्या जेटभोवती कॉर्कच्या बारीक चकत्या असतात. त्या नव्या घालताना तेलात भिजवून घेतल्या, कारण कोरडा कॉर्क चिरतो आणि मग तिथून थेंब पडत राहतात.

हेड परत बसवताना नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळत पन्नास फूट-पौंडांपर्यंत आणले. खंडेनवमीच्या आधी इंजिन सुरू झालेले असावे एवढीच मी स्वतःला घातलेली मुदत असते, कारण त्या दिवशी आमच्याकडे बाकावरच्या हत्यारांची पूजा होते आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून ती बाहेर काढायची असते. चावी फिरवल्यावर मागच्या बाजूचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप टिक्-टिक् करू लागला, कार्ब्युरेटरच्या वाट्या भरताच तो थांबला. हा पंप थांबला नाही तर कुठेतरी गळती आहे असे समजून बटणाला हात लावायचा नसतो. चोक ओढला, स्टार्टर फिरवला आणि इंजिनाने फारसे आढेवेढे न घेता आवाज दिला.

खरे जुळवणे त्यानंतर होते. एसयू कार्ब्युरेटर स्किनर बंधूंच्या कल्पनेतून जन्मला आणि त्यात एकच जेट, एक निमुळती सुई आणि हवेच्या ओढीने वर-खाली होणारा एक पिस्टन एवढाच मामला आहे. इतक्या थोड्या भागांत इतके शहाणपण मी दुसऱ्या कोणत्याही यंत्रात पाहिलेले नाही. दोन कार्ब्युरेटर सारखी हवा ओढत आहेत की नाही हे मी रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे त्यांच्या तोंडाशी धरून, दोघांचा फुसफुसाट सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवून ठरवतो. मग मिश्रण. पिस्टन पिनेने अगदी थोडा उचलायचा: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, वेग पडला तर कमी आहे, क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे तेच इंजिन पूर्वीच्या सेटिंगवर पेट्रोलला मुकते. जेटचा षटकोनी नट एकेक बाजू करत खाली घ्यावा लागला तेव्हा कुठे ते समाधानाने चालू लागले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे मी ती माहीम, वरळीवरून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हपर्यंत नेली. त्या रस्त्याच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यात छत उघडे ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये एमजीएचा सायलेन्सर ऐकणे ही गोष्ट कोस्टल रोडवर टीका करणाऱ्यांनाही मी एकदा सुचवीन. परतताना चढावर गाडी पूर्वीपेक्षा अधिक सहज ओढत होती. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, नंतरचे पाच हजार आणि मुदत दहा वर्षे. परंतु त्या नोंदणीवर प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते, आणि रविवारची ही फेरी त्यांतल्या कशात बसवायची हे मला सुचत नसल्यामुळे मी अजून अर्ज केलेला नाही.

काही शे किलोमीटर झाल्यावर हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळले आणि मग ते गरम करून टॅपेट मोजले. चारही एक्झॉस्टची फट सतरा थाऊवर होती. फेब्रुवारीतही तीच. येत्या पावसाळ्यासाठी पुढच्या सस्पेन्शनचे किंगपिन, म्हणजे पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खुंट्या, निवडले आहेत. डाव्या चाकात हाताला जाणवेल इतका ढिलेपणा आला आहे आणि नवी बुशे कपाटातल्या दिव्याशेजारी तेल लावून ठेवली आहेत.